दोघींच्या गाडीचा हँडब्रेक

गुरुवार होता, म्हणजे गाडी मालनची. मी मागच्या न्हाणीत भांडी घासत बसले होते. आधी तिची आरोळी ऐकू आली, "सरक, सरक!" आणि मी मान वर करेपर्यंत न्हाणीचा पत्रा आत आला. त्याच्यामागून आमच्या तीनचाकीचा लोखंडी हौदा आला आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर नळाच्या ओट्याला आदळून थांबला. पाण्याचे दोन रिकामे जार टणाटणा उड्या मारत गल्लीनं खाली गेले.

मी राखेच्या हातांनीच बाहेर आले. मालन गल्लीच्या वरच्या टोकापासून गाडीमागं पळत आली होती. तिला बोलायलाही दम उरला नव्हता.

"मारायला उठलीस काय मला?" मी म्हणाले.

"घसरली. हँडब्रेक धरत न्हाई."

"माझ्या दिवशी धरतोय की. काल दोन तास चढावर उभी होती, बोटभर हलली न्हाई. तुझ्याच दिवशी बरी घसरती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी ओठापर्यंत आलं होतं, ते तिनं गिळलं.

"तुझा हात सोन्याचा हाय," ती म्हणाली आणि जार गोळा करायला उताराला लागली.

मालन माझी सवत. लग्नाला बारा वर्षं होऊन मला मूल झालं नाही म्हणून माझ्या नवऱ्यानं, महिपती काशीदानं, तिला शाहूवाडीकडून आणली. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आठ वर्षं गेली, तिचीही कूस उजवली नाही. दोष कुणात होता ते तेव्हा गावाला कळलं असणार. पण मला वांझ म्हणायचं कुणी थांबवलं नाही. फक्त आता ते दोघींना म्हणू लागले.

मग, या गोष्टीच्या दोन वर्षं आधी, एका सकाळी महिपती उठलाच नाही. त्याच्यामागं राहिलं दोन दारांचं घर आणि ही गाडी. पुढून मोटारसायकल, मागं दोन चाकांवर हौदा. पन्हाळ्यावरच्या हॉटेलांना, लॉजना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचे हा त्याचा धंदा. चालवायला त्यानं शिकवलं होतं ते मालनला. मी ती चाळिशी उलटल्यावर, खालच्या नाक्यावरच्या इलाही मिस्त्रींकडून शिकले, तेही मालनला दाखवायचं म्हणून. लग्नाची बायको मी, म्हणून गाडीचा कागद माझ्या नावावर झाला. पण भावकीनं बसून ठरवलं की दोघींनी पोट भरायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचे. रविवार आळीपाळीनं.

एकमेकींशी बोलायचं आम्ही टाळायचो. ज्या संध्याकाळी गाडी द्यायची त्या संध्याकाळी दोन्ही दारांच्या मधल्या कट्ट्यावर किल्ली ठेवायची आणि आत जायचं. मी अंधार पडता पडता ठेवायची, कारण तोवर धंदा चालायचा. मालनचं शेवटचं गिऱ्हाईक पाचलाच संपायचं, पण त्या महिन्यात किल्ली यायची सहा, सव्वासहाला. हात कोपरापर्यंत काळे झालेले असायचे. मला वाटायचं, मुद्दाम करती. मी दारात वाट बघत बसावं म्हणून.

आणि ब्रेकचं असं होतं की माझ्या दिवशी सीटखालचा लिव्हर चार-पाच दात्यांवर गच्च व्हायचा. गाडी चढावर खांबासारखी उभी. तिच्या दिवशी मात्र ती दिसेल तिथं चाकाखाली उटी सरकवत असायची. लाकडाची तिकोनी उटी तिनं स्वतः तासून घेतली होती आणि दोरीनं हौद्याला बांधून ठेवली होती. मला ते बघून बरं वाटायचं. बघा म्हणावं, महिपतीनं जिला शिकवलं तिला गाडी उभी करता येत नाही, आणि जिला शिकवलं नाही तिला येते. मी उटीला कधी हात लावला नाही.

न्हाणीचा पत्रा फाटल्यावर मी ठरवलं की आता हे भावकीपुढं न्यायचं. गाडीची नासधूस करते, जिवावर उठते, हिचे दिवस बंद करा. त्यासाठी कुणा जाणकाराचा शब्द हवा होता. शुक्रवारी दुपारी रिकामी गाडी घेऊन मी इलाही मिस्त्रींकडं गेले.

मिस्त्री एका जीपखाली झोपले होते. तसेच सरकत बाहेर आले.

"मिस्त्री, मला एवढं सांगा, ब्रेक नीट हाय का न्हाई?"

त्यांनी लिव्हर ओढला. सोडला. परत ओढला. वाकून हौद्याखाली बघितलं.

"आज हाय," ते म्हणाले.

"आज म्हणजे?"

"वहिनी, आत ब्रेकच्या लायनर झिजून संपल्यात. वरनं केबलीचा नट आवळून किती दिवस ओढायचं? त्या नटाला मागनं धरून ठेवणारा चेकनटपण कुठंतरी पडलाय. त्यामुळं धक्के बसले की आवळलेलं परत सुटतं. ड्रम उघडायला पाहिजे. एक दिवस गाडी सोडा माझ्याकडं."

"तिच्या दिवशी घ्या ठेवून."

मिस्त्री हसले नाहीत. "त्यांनीपण असंच सांगितलं. थोरलीच्या दिवशी घ्या म्हणाल्या."

"मग तुम्ही भावकीत येऊन सांगा की तिच्या हातानं गाडी बिघडली."

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं उचललं आणि बराच वेळ एकच बोट पुसत राहिले.

"हे सांगायचं काम माझं न्हाई," ते म्हणाले. "उटी लावत जावा."

मी गाडी वळवून निघाले. माणूस तिच्या बाजूला झुकलाय, असं मनात म्हणाले. तरुण आहे ना ती.

त्या आठवड्यात शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. मे महिना, गडावर गाड्यांची रांग. रविवार माझा होता. रविवारी पहाटेच जार भरून निघायचं तर गाडी शनिवारी लवकर हातात यायला हवी होती. मालन नेहमीसारखी उशीर करणार हे मला माहीत होतं, म्हणून साडेपाचलाच मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

ती आली. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. तिच्या कमरेला काहीतरी खोचलेलं होतं, पदराखाली. मी तिकडं लक्ष दिलं नाही. सरळ हात पुढं करून किल्ली उपसून घेतली.

"थांब की," ती म्हणाली. "मला जरा काम हाय गाडीचं."

"तुझं काम तुझ्या दिवशी."

"अर्धा तास दे."

"महिनाभर अर्धा अर्धा तास चोरतीयास माझा. आज न्हाई."

तिनं हँडलला हात धरला. मी तो बोटाबोटानं सोडवला. शेजारची दारं उघडली, बायका उंबऱ्यावर आल्या. त्या बघतायत म्हटल्यावर मला जास्तच चेव आला.

"नवरा नेलास तो नेलास," मी म्हणाले, "गाडी न्हाई नेऊ द्यायची तुला."

मालनचा चेहरा पांढरा झाला. तिनं हात काढला, मान खाली घातली आणि आपल्या दारात शिरली. तिची उटी हौद्याला लटकत होती, तिची दोरी मी सोडली आणि उटी तिच्या दारापुढं फेकली. रात्री मी गाडीशेजारीच अंथरूण टाकलं.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास बावीस जार घेऊन मी वरच्या लॉजच्या चढावर पोचले. तो चढ वाईट. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला लॉजच्या पायऱ्या, आणि खाली वळणावर कणसं भाजणाऱ्यांच्या टोपल्या. सहलीची माणसं तिथं घोळका करून उभी असतात. त्या दिवशी तर रस्ता भरून गेला होता.

मी लिव्हर ओढला. चार दाते गेले. पाच, सहा. सातव्यावर लिव्हर संपला आणि हाताला काहीच लागलं नाही. ओली पिशवी ओढावी तसं. गाडी तेवढ्यापुरती कशीबशी टेकून उभी राहिली.

हे मी आजवर कुणाला पुरतं सांगितलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं होतं की ब्रेक धरत नाही. गाडी बंद करून गियरमध्ये टाकता आली असती, पण किक लवकर लागायची नाही म्हणून मी इंजिन चालूच ठेवायची. शेजारी दगड पडला होता, तो चाकाखाली सारता आला असता. पण माझ्या मनात दगड आला नाही. मनात आलं ते एवढंच, की हिनं मुद्दाम सैल करून दिली. काल थांब थांब करत होती ती याच्यासाठी. आणि ते मनात आल्यावर मला इतका राग आला, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद झाला, की मी दोन्ही हातात दोन जार उचलले आणि मॅनेजरला ही गोष्ट सांगायला म्हणून तरातरा पायऱ्या चढले. आता साक्षीदार मिळणार होता मला.

तिसऱ्या पायरीवर मागं खडखडाट झाला. वळून बघितलं तर गाडी निघाली होती. आधी हळू, माणूस मागं सरकतं तशी. मग वीस जारांच्या वजनानं जोरात. खालची माणसं आमच्याकडं पाठ करून कणसं खात होती. एक बाई लहान पोराला कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. मी ओरडले. आवाज निघाला नाही.

तेवढ्यात खालून, त्या घोळक्यातून वाट काढत, मालन वर पळत येताना दिसली. पायात चप्पल नव्हती. हातात उटी होती.

ती बाजूला झाली नाही. गाडीच्या वाटेत आली, वाकली आणि उटी डाव्या चाकाखाली घातली. उटी दगडावरनं घसरली. तिनं ती पुन्हा पकडली, हातानंच दाबून धरली. चाक उटीवर चढलं, हौदा फिरला आणि गाडी आडवी होऊन भिंतीवर आदळली. जार फुटले. रस्त्यावरून पाणी धावत खाली गेलं आणि तेव्हा कुठं कणसं खाणाऱ्यांनी मागं वळून बघितलं.

मालनचा डावा हात चाक आणि भिंत यांच्यामध्ये होता. चार-पाच गड्यांनी गाडी ढकलली तेव्हा तो निघाला. तिनं हात पोटाशी धरला आणि उभी राहिली. उभी राहताना तिच्या कमरेतून एक पाना निसटला आणि दगडावर खणकन वाजला.

सगळ्यांनी त्या पान्याकडं बघितलं. मीही बघितलं.

"बघा!" मी पायऱ्यांवरून ओरडले. आता माझा आवाज निघाला. "बघा हिच्या कमरेला काय हाय ते! काल हिनंच ब्रेक सोडला. मला मारायला सोडला!"

कुणीतरी म्हणालं, "अरे बापरे." कुणीतरी मोबाइल काढला. पोराला कडेवर घेतलेली ती बाई मालनपासून चार पावलं मागं सरली, जशी काही मालन चावणार होती. लॉजचा मॅनेजर मला म्हणाला, "पोलिसांना बोलवू का?"

मालननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दुसरंच काहीतरी होतं. मग तिनं पदर हाताला गुंडाळला, तो लगेच लाल झाला, आणि ती माणसांच्या मधून खाली चालत गेली. तिची वाट कुणी अडवली नाही आणि कुणी हातही दिला नाही. पाना मी उचलला. पुरावा म्हणून.

दुपारी गाडी दोरानं बांधून मी मिस्त्रींच्या दारात आणवली. ते आदल्या दिवशी मिरजेला लग्नाला गेले होते, नुकतेच परतले होते. मी पाना त्यांच्यापुढं टाकला.

"ओळखा कुणाचा हाय?"

"माझा," मिस्त्री म्हणाले.

"तुमचा?"

"बारा-तेराचा. शनिवारी दुपारी धाकट्या वहिनींना दिला. मी दुकान बंद करून निघालो होतो, म्हणून घरीच आवळून घ्या म्हटलं." ते थांबले. "हात कसा हाय त्यांचा?"

"काय आवळून घ्या?"

त्यांनी जॅक लावला, गाडीचा मागचा भाग उचलला, डावं चाक काढलं आणि ड्रमवर हातोडीनं दोन हलके ठोके दिले. ड्रम निघाला तशी काळी भुकटी खाली पडली. आतल्या दोन्ही लायनर नखाएवढ्या पातळ झाल्या होत्या, आणि एकीवर तेल उतरून ती काचेसारखी चमकत होती.

"हे बघा. ह्याच्यावर गाडी थांबत व्हती."

त्यांनी नव्या लायनर बसवल्या, ड्रम पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलनं धुतला. दुसरं चाकही तसंच केलं. मी उभी होते. मग ते हौद्याखाली सरकले आणि आतून म्हणाले, "सीटवर बसा. मी सांगीन तसा लिव्हर ओढा. ह्या कामाला दोन माणसं लागतात."

मी बसले.

"तीन दाते ओढा."

मी ओढले. ते एका हातानं नट फिरवत होते, दुसऱ्या हातानं चाक.

"सोडा. आता चाक मोकळं फिरलं पाहिजे. मोकळं न्हाई फिरलं तर चालताना लायनर जळती. लई आवळूनपण उपयोग न्हाई. हां. परत ओढा. चार. पाच." चाक गच्च झालं. "किती आले?"

"पाच."

"बरोबर." खालून थोडा वेळ फक्त पान्याचा आवाज आला. मग ते बोलले, पण तोंड हौद्याखालीच होतं. "तुम्ही बसलाय तिथं रोज मी बसायचो वहिनी. आणि खाली धाकट्या वहिनी असायच्या."

मला आधी काही समजलं नाही.

"मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. पाच-सव्वापाचला यायच्या. लायनर बदलायची तर गाडी दिवसभर सोडावी लागती, ती तुम्ही दोघी सोडत नव्हता. म्हणून म्हणाल्या, नट आवळायचा तरी शिकवा. गाडी तुमच्याकडं जायच्या आधी दर खेपेला दोन-तीन आटे आवळून द्यायच्या. चेकनट नसल्यामुळं दिवसभरात तुमच्याकडनं ते परत सुटायचे."

"मग स्वतःच्या दिवसाला का न्हाई आवळायची?"

"तुम्ही गाडी देता अंधारात. तवा माझं दुकान बंद. सकाळी सहाला त्यांचे जार निघतात, तवापण बंद. जशी तुम्ही दिली तशी घेऊन त्या दिवसभर हिंडायच्या, उटी लावत."

हौद्याखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशी बोलले.

"तुम्ही शुक्रवारी मला का न्हाई सांगितलं?"

"शपथ घातली व्हती. तिला कळलं तर नट काढून फेकील पण माझ्या हातचं घेणार न्हाई, असं म्हणाल्या. मी एक महिना गप्प बसलो, चूक झाली माझी."

एक महिना. मी मनातल्या मनात ते दिवस मोजले. ते काळे हात, तो उशीर. आणि माझा सोन्याचा हात.

मिस्त्री बाहेर आले. नव्या चेकनटचं पुडकं फोडून त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुम्ही बसवा. शिकून ठेवा," म्हणाले. मी हौद्याखाली शिरले. नट धरून ठेवायचा एका पान्यानं आणि मागचा दुसऱ्यानं आवळायचा. पाना तीनदा सुटला.

सोमवारी सकाळी भावकी आमच्या कट्ट्यावर जमली. मी बोलावलंच नव्हतं. लॉजवरची गोष्ट गावभर झाली होती. मधोमध माझे दीर बळवंतराव. मालन आपल्या दारात टेकून उभी होती, हाताला गडावरच्या डॉक्टरनं बांधलेला पट्ट्यांचा गोळा. बघताक्षणीच तो वाईट दिसत होता.

"विषय सोपा हाय," बळवंतराव म्हणाले. "जिवावर उठलेली बाई ह्या घरात नको. वहिनी, तुम्ही फक्त एकदा सगळ्यांपुढं सांगा. मग गाडी तुमची आणि घरही तुमचं. हिला तिच्या माहेरी पोचवू."

दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते असं आयतं ताटात वाढून समोर आलं होतं. एक शब्द बोलायचा होता. आणि मी कबूल करते, मला मोह झाला. मिस्त्रींशिवाय कुणाला माहीत होतं? मालन स्वतः तर तोंड उघडणार नव्हती.

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. गल्लीत गाडी उभी होती, तिकडं बघत होती.

"तिनं सैल केला न्हाई," मी म्हणाले.

"आँ?"

"सैल मी दिला तिला. महिनाभर. ती आवळून मला द्यायची. शनिवारी आवळू दिलं न्हाई मी. किल्ली हिसकावली. चढावर ब्रेक लागत न्हाई हे मला कळलं व्हतं, तरी मी गाडी तशीच सोडून गेले."

बळवंतराव खाकरले. "असं असंल तर दोघींच्याही हातात गाडी नको. माझा धाकटा बसूनच हाय, तो चालवील."

"कागद माझ्या नावावर हाय भावजी," मी म्हणाले. "चहा घ्यायचा तर घ्या."

चहा कुणी घेतला नाही. कट्टा रिकामा झाला. मालन आत गेली आणि तिनं दार लावलं.

मी ते ठोठावलं. "हात दाखवायला कोल्हापूरला जायचं. चल."

"मी एसटीनं जाते."

"एका हातानं चढशील एसटीत?"

ती आली, पण हौद्यात बसली. खाली नाक्यावर पेट्रोलला थांबले तेव्हा मी मागं न बघता विचारलं, "का करत व्हतीस?"

"काय?"

"माहीत हाय तुला काय ते."

"तुझ्यासाठी न्हाई केलं," मालन म्हणाली. "उगाच डोळ्यात पाणी आणू नको. तू मेलीस की कागद दिराकडं जाईल. मग माझे तीन दिवस गेले. आणि त्या चढाखाली माणसं असतात, म्हणून उटी घेऊन तुझ्यामागं पळाले. त्यांनी काय केलंय तुझं-माझं?"

मी गाडी सुरू केली.

"आणि भावकीत बोललीस ते बोललीस," ती मागून म्हणाली. "ते घरातलं झालं. मला चोर केलंस ते चढावर. गर्दीत. तिथं बोल."

दवाखान्यात तिची करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डाव्या हाताचं. त्या हातानं क्लच पुन्हा पुरता दाबता आला नाही तिला. तेव्हापासून गाडी मीच चालवते, आठवडाभर. ती हौद्यात बसते, हिशेब तिचा, गिऱ्हाईक तिचं. रोज सकाळी निघायच्या आधी मी हौद्याखाली शिरते आणि ती लिव्हर ओढते. भांडणं आहेत तशी आहेत. गेल्या चौदा वर्षांत दोन-तीनदा महिना महिना बोलणं बंद होतं.

पण अपघातानंतरच्या रविवारी, टाके निघाले नव्हते तरी, ती माझ्याबरोबर चढावर आली. मी गाडी लावली, उतरले, दगड सारला. जोडून सुट्टी नव्हती पण गर्दी होती. मी पायरीवर चढून उभी राहिले. अख्ख्या जन्मात एवढ्या माणसांपुढं मी कधी बोलले नव्हते, ओरडले होते तेवढंच.

"मागच्या रविवारी इथं गाडी घसरली," मी म्हणाले. "मी हिला खुनी म्हणाले. ते खोटं व्हतं. चूक माझी व्हती. हिनं तुमची माणसं वाचवली, हात घातला चाकाखाली. मालन काशीद हिचं नाव."

माणसं कणीस खायची थांबली. कॉलेजातली चार पोरं एकमेकांकडं बघून हसली. टोपी घातलेला एक जण बायकोला म्हणाला, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, चला." मॅनेजरनं मान डोलावली आणि आत गेला. कणसंवाली तेवढी म्हणाली, "बरं केलंस बाई," आणि लिंबू चोळायला लागली.

मी एकेक चेहरा बघत होते. पोराला कडेवर घेतलेली ती बाई शोधत होते. मोबाइल काढलेला तो माणूस शोधत होते. त्यातलं कुणी नव्हतं. कुणी पुण्याचं असेल, कुणी बेळगावचं. ती सगळी मागच्या रविवारीच आपापल्या गावी गेली होती. ती घरी पोचून सांगत असतील की पन्हाळ्याला एक बाई बघितली, कमरेला पाना लावून फिरणारी. त्यांच्यापर्यंत मी आता कधीच पोचणार नव्हते.

मालनही बघत होती. तिला माझ्या आधीच कळलं असावं.

"त्यातलं कोण हाय हितं?" तिनं हळूच विचारलं.

"कुणी न्हाई," मी म्हणाले.

बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून ती उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही.

"हम्म," ती म्हणाली. मग चांगल्या हातानं एक जार पुढं ओढला. "धर. ऊन व्हायला लागलं."